नाईट किती देणार?

"नाईट किती देणार?" वरळीच्या बीडीडी चाळीतील एका विहाराच्या खोलीत, एका रविवारी दुपारी, हा प्रश्न एका नटाने विचारला आणि निवड समितीच्या पाचही जणांचे चेहरे उतरले. नाईट म्हणजे नाटकवाल्यांच्या बोलीत एका प्रयोगाचा मोबदला. प्रश्न सरळ होता. पण शेजारी बसलेले ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्या कानाशी लागले, "वकीलसाहेब, नाटक चळवळीचं आणि हा पैशाचं बोलतो!" त्या वेळी आम्ही गप्प राहिलो. ते चुकलेच, म्हणून आज लिहितो आहोत.

चाळीतल्या तरुणांनी जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीवर नाटक लिहिले आहे. मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने पुकारलेला बहिष्कार, ५ जानेवारीची सभा, दगडफेक, पोलिसांची कारवाई, १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने शहीद झालेले भागवत जाधव, आणि पुढे न्यायमूर्ती भस्मे आयोग. आम्ही त्या वेळी जन्मलोही नव्हतो. जिन्यात बसलेल्या म्हाताऱ्यांकडून हे सारे ऐकत मोठे झालो. ते म्हातारे आता थोडेच उरले आणि जिनेही राहणार नाहीत. वरळीत अशा १२१ चाळी होत्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकी कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाड्याने दूर उपनगरात. पूर्वी एका हाकेसरशी गोळा होणारी नाटकातली पोरे आता हाकेच्या अंतरावर नाहीत. म्हणून मुलांनी ठरवले, या वेळी व्यावसायिक नट बोलवायचे, रीतसर चाचणी घ्यायची. करारमदारासाठी आम्हाला बोलावले आणि मग परीक्षक म्हणूनही बसवले. (नाटकातले आम्हाला काय कळते, हे कोणी विचारले नाही!)

खरे तर चाचणी ही गोष्टच आपल्या रंगभूमीला नवखी. भीमराव कर्डकांच्या जलशात उभे राहायला कोणाला संहितेचे पान वाचून दाखवावे लागले नसेल. म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर केले ते मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी. गिरणगावात पाळी सुटली की कामगार तालमीला जात आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात उभे राहत. १९२२ चे ते नाट्यगृहही २०२३ मध्ये बंद झाले. पदरमोड करून नाटक करणाऱ्या या माणसांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या अभिमानातून आपल्याला एक वाईट खोड जडली. जयंतीच्या मंडपवाल्याला आपण पैसे देतो, स्पीकरवाल्याला देतो, बॅनर छापणाऱ्याला आगाऊ देतो. गाणाऱ्याला आणि नटाला मात्र शाल, गुलाबाचे फूल आणि "समाजासाठी एवढं करा". सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले, की किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरी. नटाला हा निकाल जसाच्या तसा लागू होतो, असा आमचा दावा नाही. पण वेठबिगारीविरुद्ध ज्यांचे बाप-आजे लढले, त्यांनी फुकट राबवून घेताना निदान अवघडावे तरी!

असो. चाचणीला एकवीस जण आले. कोणी मालिकांत छोटी कामे करणारे, कोणी एकांकिका स्पर्धांत बक्षिसे मिळवलेले. आईच्या भूमिकेसाठी दादरहून एक बाई आल्या. आडनाव ऐकताच समितीत कुजबुज झाली, "आपल्यातल्या नाहीत." बाईंनी पान हातात घेतले आणि वाचण्याआधी विचारले, त्या खोलीत रात्री किती माणसं झोपायची? मोरी कुठे होती? दगड पडू लागले तेव्हा दार लावलं होतं का? मग हळू आवाजात, एकदाही न रडता त्यांनी पान वाचले. कुजबुजणारे काका चष्मा पुसत बाहेर गेले. आमचे पहिले मत त्या बाईंना. दुःख आपले आहे म्हणून ते आपल्यालाच दाखवता येते, असे नाही. त्यासाठी कामच करावे लागते.

पण पुढे जे घडले ते जास्त टोचले. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी शेजारणीचे काम वाचत होती. "पानी" म्हणाली, "व्हतं" म्हणाली. आमच्याच एका प्राध्यापक मित्राने गुणपत्रिकेवर शेरा मारला, "उच्चार अशुद्ध." आम्ही तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलो. ज्या चाळीत कोकण, घाट, देश सगळीकडची माणसे आली, तिथल्या १९७४ सालच्या बाईने कोणाच्या शुद्धतेने बोलायचे? हीच चाळणी लावून आपल्याला शाळेत, आकाशवाणीवर, नाट्यगृहात बाहेर ठेवले गेले आणि आता तीच चाळणी आपण आपल्या विहारात घेऊन बसलो!

२०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले. कल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. रंगमंचावर जालना जिल्ह्यातली मुले, त्यांतली कितीतरी शेती करणारी, आणि भाषा त्यांच्या गावची. शुद्ध मराठीची सवय असलेल्या प्रेक्षकांनीही तिकिटे काढून ते नाटक पाहिले. 'कोर्ट' चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे साकारला तो नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. नट म्हणून त्यांचे नाव नव्हते. त्यांच्यासमोर सरकारी वकील होत्या गीतांजली कुलकर्णी, रंगभूमीवर मुरलेल्या. दोघांना निवडणाऱ्याने त्या त्या भूमिकेला काय लागते ते पाहिले. कोर्टात आम्ही रोज उभे राहतो, म्हणून सांगतो, ती सरकारी वकील आम्हाला कुठल्याही सोमवारी भेटते. साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले.

प्राध्यापक मित्राने शेरा खोडला. मनापासून खोडला की आमच्याकडे बघून, ते त्याला ठाऊक.

आता त्या नाईट विचारणाऱ्या नटाविषयी. उंच, सावळा, आवाज भरदार. तो आत आला तसे आम्ही, होय आम्हीच, त्याच्या हातात हवालदाराचे पान दिले. त्याने ते पाहिले आणि हसून म्हणाला, "साहेब, बारा वर्षं हवालदारच करतोय. नाहीतर गुंड, नाहीतर वॉचमन. तुमच्याकडे तरी तो पँथरचा पोरगा वाचू का?" आम्ही खाली बघितले. त्याने पोरग्याचे पान वाचले. मध्येच एक ओळ चुकला, माफी मागून पुन्हा सुरुवात केली. खिडकीत उभी राहिलेली चाळीतली मुले टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा त्यांना गप्प करावे लागले. आणि मगच, निघताना, त्याने तो प्रश्न विचारला.

रात्री हिशेबाला बसलो. वर्गणी मोजली. नेपथ्यातला फिरता जिना रद्द केला, बाकडी चाळीतलीच घ्यायची ठरली. उरलेल्या पैशात सात नटांना सारखी नाईट निघाली, दादरच्या बाईंना तेवढीच आणि मराठवाड्याच्या मुलीलाही तेवढीच. रक्कम फार नाही. तालमीच्या दिवसांचा चहा आणि प्रवासखर्च वेगळा. प्रयोग रद्द झाला, तर किती दिवस आधी कळवायचे आणि काय द्यायचे, हेही लिहिले. दोन पानांचा करार आम्ही मराठीत केला. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, थोडे कुरकुरत.

नटाला दुसऱ्या दिवशी फोन केला. आकडा सांगितला. तो म्हणाला, "चालेल. पण दिवसा शूटिंग असतं, तालीम रात्री नऊनंतर ठेवाल का?" विहाराची किल्ली ज्या आजींकडे असते, त्या साडेनऊला झोपतात. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.