अस्थींची साक्ष

प्राचीन समाजांविषयीचे आपले ज्ञान बव्हंशी त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंवर आधारलेले आहे. खापरे, अवजारे, घरांचे पाये, जळालेले धान्याचे दाणे यांवरून ते लोक काय पिकवीत, काय खात आणि कोणाशी देवघेव करीत, हे समजते. परंतु त्यांना कोणते रोग होत आणि रोगी माणसाच्या वाट्याला कसले जीवन येई, या प्रश्नांची उत्तरे खापरे देऊ शकत नाहीत. त्यासाठी मृतांच्या अस्थींकडेच वळावे लागते आणि त्या अस्थी वाचण्यासाठी पुरातत्त्वज्ञाला वैद्यकाचे साहाय्य घ्यावे लागते. या दोन शास्त्रांच्या संयोगातून पुरारोगशास्त्र ही ज्ञानशाखा उदयास आली.

सर्वच रोगांची नोंद हाडांवर होत नाही. पटकी किंवा प्लेग यांसारखे रोग रोग्याला थोड्याच दिवसांत संपवितात. हाडाच्या घडणीत बदल व्हावयास मात्र महिने, कित्येकदा वर्षेही लागतात. म्हणून अस्थींवर खुणा उमटतात त्या मुख्यतः दीर्घकाळ चालणाऱ्या रोगांच्या. यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. खुणा नसलेला सांगाडा निरोगी माणसाचाच असेल, असे म्हणता येत नाही. त्याला रोगाने खूण उमटण्यापूर्वीच गाठलेले असू शकते. उलट, ज्याच्या अस्थींवर रोगाच्या खोल खुणा आहेत, तो त्या रोगासह दीर्घकाळ जगला, एवढे निश्चित.

कुष्ठरोग हे याचे उत्तम उदाहरण होय. या रोगाचा जंतू नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. शरीराचे थंड भाग, म्हणजे त्वचा, नाक आणि हातापायांची टोके, त्याला मानवतात. तो ज्ञानतंतूंवर आघात करतो, त्यामुळे तो भाग बधिर होतो. बधिर हातापायांना झालेल्या जखमा रोग्याला जाणवत नाहीत, त्या चिघळतात आणि बोटांची हाडे हळूहळू झिजत जातात. रोग बळावला असता नाकाच्या आतील हाडेही विरघळू लागतात.

या खुणा ओळखण्याची किल्ली डेन्मार्कमध्ये मिळाली. विसाव्या शतकाच्या मध्यास म्यूलर-क्रिस्टेन्सेन या वैद्याने नेस्टवेड येथील मध्ययुगीन कुष्ठधामाची दफनभूमी उकरून तेथील सांगाड्यांचा अभ्यास केला. हे रुग्ण कुष्ठरोगाचे होते, हे आधीच ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्या कवट्यांवर वारंवार आढळणारे बदल निश्चितपणे नोंदविता आले. नाकाच्या तळाशी असलेले टोकदार हाड नाहीसे होते, नासारंध्राच्या कडा गुळगुळीत व गोलाकार होतात आणि वरच्या जबड्याचा पुढील भाग झिजून पुढचे दात सैल पडतात. उपदंश किंवा क्षय यांमुळेही चेहऱ्याची हाडे बिघडतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबून चालत नाही, या सर्व बदलांचा मेळ पाहावा लागतो.

हीच किल्ली पुढे भारतातील एका सांगाड्याला लावण्यात आली. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बालाथल येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत आहे. वि. ना. मिश्र यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उदयपूरच्या राजस्थान विद्यापीठाच्या सहकार्याने १९९०च्या दशकात तेथे उत्खनन केले. तेथील दगडी आवाराच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेच्या थरांत, एका मध्यमवयीन पुरुषाचे दफन मिळाले. त्याचा काळ इ. स. पू. २००० च्या सुमाराचा ठरतो. त्याच्या कवटीवर वर वर्णिलेले बदल आढळले आणि २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. तोपर्यंत आशियातील खात्रीचे अस्थिपुरावे इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या मागे जात नव्हते. पुढे २०१३ साली हडप्पा येथील अस्थींतही या रोगाच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

इकडे प्रयोगशाळेत याच प्रश्नाचा दुसऱ्या बाजूने शोध चालू होता. तामिळनाडूतील एका रुग्णापासून मिळालेल्या जंतूची संपूर्ण जनुकीय मांडणी २००१ साली वाचण्यात आली. त्या मांडणीचा निम्म्याहून कमी भागच कार्यक्षम जनुकांचा आहे, असे दिसून आले. उरलेल्या भागात निकामी झालेली जनुके पुष्कळ आहेत. हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात का वाढत नाही, हे यावरून उमगते. दुसऱ्याच्या पेशीचा आश्रय त्याला अपरिहार्य आहे. २००५ साली निरनिराळ्या देशांतील जंतूंची तुलना करून, हा रोग पूर्व आफ्रिकेत किंवा पश्चिम आशियात उगम पावून माणसाच्या स्थलांतरांबरोबर पसरला असावा, असे अनुमान मांडले गेले. असे अनुमान कालमापनाशी जोडण्यास बालाथलसारखा, मातीच्या थरांतून काळ ठरलेला सांगाडा उपयोगी पडतो. जंतूची वंशावळ प्रयोगशाळा देते, तिला तारीख देते ती जमीन.

तथापि अस्थींच्या साक्षीला मर्यादा आहेत. बालाथलच्या त्या पुरुषाला राखेत पुरण्यामागे आदर होता की भीती, हे त्याची कवटी सांगत नाही. जबड्याची एवढी झीज होण्यास वर्षे लागतात, म्हणजे तो त्या व्याधीसह दीर्घकाळ जगला, इतकेच ठामपणे म्हणता येते. त्यापुढे जाऊन त्याच्या भोवतालच्या समाजाला दयाळू अथवा निर्दय ठरविणे म्हणजे आपल्या मनातले त्याच्या मुखी घालणे होय.

ही सावधगिरी केवळ पंडितांच्या कामाची नाही. कुष्ठरोग हे पापाचे फळ, असा समज शतकानुशतके रूढ होता आणि कायद्यांतही तो मुरला होता. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा भारतात २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, आणि वेळीच उपचार झाल्यास विकृतीही टळते. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या पुरुषावर असा उपचार करणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून रोगाने त्याच्या अस्थींवर आपली नोंद ठेवली. आज एखाद्या रुग्णाच्या हाडांवर तशी नोंद झालीच, तर तिचे कारण औषधाचा अभाव हे नसेल. ते उशिरात, अज्ञानात किंवा लज्जेत शोधावे लागेल.