मोबाइलच्या पडद्यावरची मराठी

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. येथे घरात मराठी बोलली जाते. शाळा, कचेरी आणि परीक्षेचा अर्ज मात्र हिंदीत. अशा ठिकाणी मराठीच्या विद्यार्थ्याला संदर्भ हवा असेल तर तो कपाटाकडे जात नाही, खिशात हात घालतो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, विश्वकोशाचे खंड महाजालावर आहेत, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. संगणक बहुतेकांच्या घरी नाही. म्हणजे जे मराठी लेखन पाच-सहा इंचांच्या पडद्यावर वाचता येत नाही, ते या विद्यार्थ्यापुरते नसल्यातच जमा.

संकेतस्थळ मोबाइलवर सोयीचे करणे ही बाब आपण तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. तिचा अर्धा भाग भाषेचा आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी तंत्राचा भाग. पान मोबाइलसाठी आहे असे त्याच्या संकेतावलीत सांगितलेले नसेल, तर ब्राउझर ते संगणकाच्या रुंदीचे समजतो आणि आक्रसून दाखवतो. अक्षरे मुंगीएवढी होतात. वाचक दोन बोटांनी पान ताणतो, मग प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडून उजवीकडे सरकवतो. यावरचा उपाय एका ओळीच्या सूचनेपासून सुरू होतो. पुढे पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारी पाने करण्याची रीत ईथन मारकॉट यांनी २०१० साली एका लेखात मांडली आणि ती जगभर रूढ झाली. हे काम जाणकार माणूस लवकर करून देतो.

खरी अडचण त्यानंतर येते, कारण या रीती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ठरल्या. रोमन अक्षरांना वर वेलांटी नाही, खाली उकार नाही. दोन ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचा रुकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. बटणाची उंची कमी असेल तर उकार कापला जातो. मग ‘गुण’चा ‘गण’ होतो आणि ‘मृत’चे ‘मत’. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट ओळीची उंची ठेवली की हा त्रास जवळजवळ जातो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर घालण्याची इंग्रजी हौस मराठीत मुळीच करू नये. शिरोरेषा तुटते.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. हिंदीत ‘विद्यार्थियों के लिए’ हे तीन शब्द आहेत, ओळ कुठेही मोडता येते. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द. अरुंद पडद्यावर तो ओळीत मावत नाही आणि खाली उतरतो. दोन्ही कडा सरळ राखण्याचा आग्रह धरला, तर वरच्या ओळीत उरलेल्या शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात. छापील पानाची ही शोभा मोबाइलवर सोडून द्यावी. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागाला अधिक लागू आहे. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी यांची देवनागरी एकच आहे. पानाची भाषा मराठी असे संकेतावलीत नोंदवले आणि फाँटमध्ये सोय असली, तरच पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ उमटतो. एरवी हिंदी वळणाचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनेही त्या नोंदीचा आधार घेतात. नोंद नसेल तर अंध विद्यार्थ्याला आपली मराठी हिंदी उच्चारांत ऐकावी लागण्याचा संभव असतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद नीट उमटतो की नाही, हे पाहणे तर व्याकरणाच्या शिक्षकाचेच काम आहे.

आता आपल्या संस्थांची एक सवय. वार्षिकांक छापून झाला की त्याची पीडीएफ संकेतस्थळावर चढवायची आणि अंक ‘ऑनलाइन’ झाला म्हणायचे. दोन स्तंभांचे छापील पान मोबाइलवर वाचणे म्हणजे शिक्षाच. त्यातही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला असला, तर दिसायला मराठी, पण शोधायला गेले तर सापडत नाही आणि उतरवून घेतला तर भलतीच चिन्हे हाती येतात. लेखकाचे नाव शोधणाऱ्याला तो लेख कधीच भेटत नाही.

वजनाचाही हिशेब करावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला साधारणतः ३ बाइट लागतात. एवढा हा लेख धरला तरी ११-१२ किलोबाइटच्या पुढे फारसा जाणार नाही. त्याच्यासोबत समारंभाचे ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र जसेच्या तसे लावले, तर वाचक लेखाच्या सुमारे २५० पट डेटा सत्कारमूर्तींच्या हारावर खर्च करतो. मोहखेडच्या बाजूच्या डोंगराळ गावांत जिथे सिग्नल दोन कांड्यांवर येतो, तिथे पान उघडण्याआधीच वाचक निघून जातो.

तपासणी अवघड नाही. अंकातला एक लेख साध्या, दोन-तीन वर्षे वापरलेल्या फोनवर, सौसरच्या बसस्थानकावर भर उन्हात, एका हाताने उघडून पाहावा. फिकट राखाडी अक्षरे उन्हात दिसतात का, अंगठ्याने एक दुवा दाबताना शेजारचा उघडतो का, शोधपेटीत ‘संत्र्याची’ लिहिल्यावर ‘संत्री’ असलेला लेख मिळतो का, हे पाच मिनिटांत कळते. शेवटचे बहुधा जमणार नाही. सामान्यरूप ओळखणारा शोध अजून थोड्याच मराठी स्थळांवर दिसतो, आणि ते काम भाषेच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे.