तीन क्विंटलची अडचण

10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ. सांगली-कोल्हापूरच्या ऑगस्ट 2019 च्या महापुरात सरकारने प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबाला एवढे धान्य मोफत जाहीर केले. घर किंवा गाव दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असले पाहिजे या अटीवरून तेव्हा बराच गदारोळ झाला, धान्याच्या पिशव्यांवरच्या नेत्यांच्या फोटोंवरूनही झाला. या 20 किलोंत किती दिवस निघतात, हे मात्र फारसे कुणी मोजले नाही.

मोजायला अवघड नाही. 2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी महिन्याला साधारण 9.6 किलो तृणधान्य लागते. पाच माणसांच्या घराला महिन्याला 48 किलो. म्हणजे 20 किलो साडेबारा दिवसांना पुरते. गाव आठवडा-दहा दिवस तुटले तर तेवढे बास. माणसांच्या धान्याचा हिशेब तरी कागदावर जमतो.

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांची खरी अडचण गोठ्यात आहे. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, ब्रह्मनाळ हा सगळा पट्टा ऊस आणि दूध यांवर उभा आहे. चितळ्यांची डेअरी भिलवडीत 1939 साली सुरू झाली. दुधाचा धंदा इथे पिढ्यांचा. आता दोन जनावरांचे घर धरू. एका जनावराला दिवसाला 6 किलो कडबा, वर 15-20 किलो ओला चारा. ओल्या चाऱ्याचे रान बुडाले, तर नुसत्या कडब्यावर जनावर जगते, दूध मात्र आटते. पुराचे दिवस आणि नंतर रान वाफशावर येईपर्यंतचे दिवस मिळून पंधरवडा धरला तर दोघांना 180 किलो कडबा लागतो. माणसांचे 20 किलो पिशवीत मावतात, बोटीतून येतात. 180 किलो कडबा बोटीतून कोण आणणार? एका घरासाठी नाही, अख्ख्या गल्लीसाठी?

जनावरे सोडून माणसे निघत नाहीत, ती यामुळेच. निघतात तेव्हा उशीर झालेला असतो आणि बोटीला गर्दी होते. कृष्णा-येरळा संगमावरच्या ब्रह्मनाळमध्ये 8 ऑगस्ट 2019 ला बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांच्या वर होते. तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. 2005 मध्ये पाणी 54 फुटांच्या आसपास गेले होते, 2021 मध्ये 55 च्या. सोळा वर्षांत तीनदा धोक्याच्या रेषेवर आठ-नऊ फूट आणि त्याहून जास्त पाणी चढले, त्याला अपवाद म्हणता येत नाही. दर काही वर्षांनी ही गावे काही दिवसांपुरती बेटे होतात, असे धरूनच नियोजन करायला हवे.

खऱ्या बेटांवर ते केले जाते. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांचे मिळून क्षेत्र जेमतेम 32 चौरस किलोमीटरच्या आत. पावसाळ्यात समुद्र खवळला की मालवाहतूक रोडावते, म्हणून धान्य आधीच भरून ठेवतात. लांब कशाला, गडचिरोली आणि मेळघाटातल्या ज्या गावांची वाट पावसाळ्यात बंद होते, तिथे आपलेच सरकार चार महिन्यांचे रेशन आगाऊ पोचवते. पण ती गावे दुर्गम म्हणून नोंदलेली. पलूसला रेल्वे आहे, डांबरी रस्ते आहेत, क्रांती साखर कारखाना आहे. सधन गावाला कोण दुर्गम म्हणेल?

म्हणजे साठा गावानेच करायचा. तो कोणत्या पिकातून, ते पाहू. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि 16-18 महिन्यांनी तोडतात, म्हणजे तो दोन पावसाळे नदीसमोर उभा राहतो. सुरू उसाच्या वाट्याला एक पावसाळा. रब्बी ज्वारी पूर ओसरल्यावर पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. तिच्या वाट्याला एकही पावसाळा नाही. चाऱ्याचेही तसेच. उसाचे वाढे मिळते ते गाळप हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. ऑगस्टमध्ये उभा ऊस डोळ्यांसमोर असतो, पण वाढ्याची मोळी नसते. कडबा मात्र उन्हाळ्यात घरात येतो, पावसाच्या आधी.

म्हणून उसाची शेती मोडा, असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला हिशेब कळतो. 2025-26 ची उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरली. एकरी 40 टन धरले तर तोडणी-वाहतूक वजा न करता 1 लाख 42 हजार होतात. ज्वारी एकरी 10 क्विंटल आली तरी मालदांडीच्या 2025-26 च्या 3,749 रुपये हमीभावाने साडेसदतीस हजारच. एकराला एकर लावले तर ज्वारी हरते.

पण अख्खा एकर कशाला हवा? बागायती ज्वारीचे एकरी 10 क्विंटल धान्य आणि 20 क्विंटल कडबा धरला, तर चार गुंठ्यांत 100 किलो ज्वारी आणि 200 किलो कडबा येतो. घराला दोन महिन्यांचे धान्य, दोन जनावरांना पंधरवड्याचा चारा. मिळून तीन क्विंटल. त्याच चार गुंठ्यांत ऊस 4 टन, 14,200 रुपयांचा, तोही सतरा महिन्यांत. वर्षाला दहा हजार. ज्वारीचे पावणेचार हजार वजा करता कडब्याची किंमत शून्य धरूनही फरक सहा-सव्वासहा हजारांचा, आणि उसाचा तोडणी-वाहतुकीचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. ज्वारी विकतही मिळेल, हे खरे. ऑगस्टच्या पुरात कडबा विकायला कोण येईल?

तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे 2005 च्या पुराने निकामी झाली. जमिनीखाली साठवण्याचे दिवस नदीकाठी संपले. शिवारात रचलेले कडब्याचे बुचाडही वाहून जाते. म्हणजे स्लॅबवर, नाहीतर गावातल्या उंच जागेवर.

चाऱ्याचा दुसरा आधार झाडांचा. बांधावर शेवरी, हादगा असला तर पाणी उतरताच पाला हाताशी येतो. नदीच्या थडीला उंबर, करंज, बाभूळ असली तर काठही धरून राहतो. आता ऊस थेट थडीपर्यंत आलेला दिसतो. झाडे लावणे या भागाला नवे नाही. पलूसला लागून असलेले सागरेश्वर अभयारण्य 10.87 चौरस किलोमीटरचे, म्हणजे सुमारे 2,700 एकरांचे, आणि ते बरेचसे माणसांनी लावून वाढवलेले. वनाधिकाऱ्यांना शिकवणारी प्रबोधिनी तालुक्यातच, कुंडलला आहे. तिथल्या एखाद्या तुकडीला अभ्यासासाठी थडीचे पाच किलोमीटर द्यायला काय हरकत आहे?

ग्रामपंचायतीच्या पातळीवर आकडा असा येतो. पूररेषेत 500 जनावरे असतील तर पंधरा दिवसांना 45 टन कडबा लागतो, म्हणजे साडेबावीस एकरांतला. तो मेअखेर 2019 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच जागी रचला गेला पाहिजे. जनावरांची संख्या पशुगणनेत मिळते, पाण्याच्या खुणा घरांच्या भिंतींवर आहेत. जागा कोणाची आणि भाडे कोण देणार, एवढेच ग्रामसभेने ठरवायचे आहे.