हात न लावता दिलेला हात

धावणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेने ओरडून धीर देण्याच्या क्रियेला मराठीत नेमका शब्द कोणता, हा प्रश्न एकदा आमच्या घरात निघाला आणि रात्रीची जेवणे आटोपली तरी रेंगाळत राहिला. ‘प्रोत्साहन’ हा शब्द बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरचा. त्याला घाम कसा तो ठाऊक नाही. ‘शाबासकी’ काम पुरे झाल्यावर पाठीवर पडते. ‘उत्तेजन’ देणे हे सरकारचे काम. शाळेच्या क्रीडांगणावर आपण सर्वांनी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलेला शब्द म्हणजे ‘बकअप’. तो साहेबाबरोबर आला खरा. पण साहेब गेला आणि शब्द मराठी शाळांतच राहिला. आमच्या हैदराबादेत मात्र या कामासाठी अगदी घरगुती असा एक शब्दप्रयोग ऐकू येतो : “थोडाइच है!” दखनी बोलीतला हा ‘च’ मराठीच्या शेजारामुळे तिच्यात आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. शेकडो वर्षांच्या सहवासाची ही एवढीशी खूण. दमलेल्या माणसाच्या कानावर ती पडते, तेव्हा ती कोणत्या भाषेतली हे विचारायला त्याला सवड नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आवाजच आहे. त्याचे मोल आम्हांस कळले ते हैदराबाद मॅरेथॉनच्या निमित्ताने. हैदराबाद रनर्स सोसायटी या संस्थेची ही शर्यत २०११ पासून होत आली असून, साधारणतः ऑगस्टच्या अखेरच्या दिवसांतील एका रविवारी ती भरते. हुसेनसागराच्या काठी, नेकलेस रोडवर, पहाटेच्या अंधारात पूर्ण मॅरेथॉनला आरंभ होतो आणि ४२.१९५ किलोमीटर धावून माणसे गच्चीबावलीच्या क्रीडागारात पोचतात. २००३ च्या आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धा ज्या शहरात झाल्या त्या शहराला क्रीडागाराचे अप्रूप नाही; पण तेथवर पायी जाणे ही गोष्ट वेगळी. पंजागुट्ट्याचा उड्डाणपूल, पुढे ज्युबिली हिल्सचे चढउतार, आणि जोडीला श्रावण-भाद्रपदातील ती दमट, चिकट हवा. मोटारीतून जाताना ज्या चढाची आपणांस दखलही नसते, तो चढ पायांना मात्र चांगला ओळखीचा होतो.

आम्ही तेथे निव्वळ गंमत पाहण्यास गेलो होतो, असे म्हणता येणार नाही. आम्ही उभयतांनी पन्नाशी ओलांडली आहे. दोघांपैकी एकाच्या रक्तातील साखर वाढल्याने डॉक्टरांनी चालण्यास सांगितले. चालण्याचे धावणे झाले. धावण्याला सायकलीची जोड मिळाली. आणि मग एका उत्साहाच्या क्षणी गोव्याच्या त्रिविध शर्यतीचा विचार मनात शिरला. ‘आयर्नमन ७०.३’ या नावाची ही शर्यत भारतात प्रथम २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. प्रथम समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. तिन्हींची बेरीज मैलांत केली की ७०.३ येते, म्हणून हे नाव. हे सर्व साधारणपणे साडेआठ तासांच्या आत उरकावे लागते.

‘आयर्नमन’ शर्यतीचा जन्मही असाच एका पैजेतून झाला. कोणते खेळाडू सर्वांत काटक, पोहणारे, सायकलवाले की धावणारे, असा वाद हवाई बेटांवर रंगला असता अमेरिकन नौदलातील जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्याने सुचविले की तेथील तिन्ही प्रसिद्ध शर्यती एकाच दिवशी, एकामागून एक कराव्यात. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जणांनी शर्यत पुरी केली, आणि पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलरला ११ तास ४६ मिनिटे लागली. पुढे २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या आखूड प्रकाराला प्रवेश मिळाला. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे पूर्ण लांबीची शर्यत पार केली तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ती वार्ता वाचून महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत जुन्या सायकली अडगळीतून बाहेर निघाल्या असतील.

आमची तयारी तशी नियमित चालली होती. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातील झाडांखाली पहाटे धावणे, रविवारी बाह्यवळण मार्गालगतच्या, २०२३ साली खुल्या झालेल्या सौर छपराखालील सायकल-मार्गावर फेऱ्या मारणे आणि आठवड्यातून तीनदा तरणतलाव. पण तलाव तो तलाव आणि समुद्र तो समुद्र. दख्खनच्या पठारावर जन्मलेल्या माणसाला लाटेची सवय कोठून असणार? त्यातून घरी वडीलधाऱ्यांचा रोजचा प्रश्न : “या वयात हे कशाला?” नातेवाइकांचे हसू वेगळेच. आणि सर्वांत मोठी धास्ती होती ती शेवटचे येण्याची. मंडप सोडायला लागलेले आहेत, खुर्च्या रचल्या जात आहेत आणि आपण एकटेच येत आहोत, असे चित्र डोळ्यांपुढून हलेना. शर्यतीतून नावे काढून घ्यावीत, असे आम्ही जवळजवळ ठरवीत आणले होते. मॅरेथॉनचा रविवार आला तो अशा मनःस्थितीत.

गच्चीबावलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, शेवटच्या टप्प्यात आम्ही उभे राहिलो. पहिले धावपटू वाऱ्यासारखे निघून गेले. त्यांना आमच्या टाळ्यांची गरज होती असे वाटले नाही. त्यांच्यामागून तरुणांचे थवे आले. मित्र, भाऊ, बहिणी, कचेरीतले सहकारी त्यांची नावे घेऊन ओरडत होते, ढोल वाजत होते. हळूहळू थवे विरळ झाले, ढोलवाले निघून गेले, ऊन वर आले. आणि त्यानंतर जी माणसे आली त्यांनी आम्हांस खिळवून ठेवले.

हिशेब साधा आहे, पण तो तोवर आमच्या ध्यानात आला नव्हता. चांगला धावपटू अडीच-तीन तासांत मोकळा होतो. थंड पहाट संपण्यापूर्वी त्याचे बरेचसे काम झालेले असते. ज्याला सहा-सात तास लागतात, त्याला तेच अंतर दुप्पट वेळ सोसावे लागते, आणि त्यातील कठीण भाग नेमका उन्हात. म्हणजे ज्याच्या अंगी बळ कमी त्याच्या वाट्याला ऊन अधिक, आणि टाळ्या सर्वांत कमी. कारण तोवर टाळ्या वाजविणारे न्याहारीला गेलेले असतात. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पोटरीत गोळा येऊन थांबले होते. त्यांच्याकडे पाहून आमच्यापैकी एकाच्या तोंडून नकळत निघून गेले, “चलो साब, थोडाइच है!” त्यांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, “कितना?” हैदराबादेत ‘थोडाइच’ म्हणजे एक किलोमीटरही असू शकतो आणि दहाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते! आम्ही खरा आकडा सांगितला. त्यांनी तो मनात मोजला आणि ते चालू लागले. थोड्या वेळाने चालण्याचे धावणे झाले. आम्ही त्यांना पाणीही दिले नव्हते. आम्ही दिला होता तो एक आकडा आणि एक आवाज.

येथे या खेळांचा एक नियम सांगितला पाहिजे. लांब पल्ल्याच्या त्रिविध शर्यतीत बाहेरच्या माणसाने खेळाडूची सायकल दुरुस्त करून देणे, त्याच्या शेजारी धावून त्याचा वेग राखणे, त्याला आधार देणे, हे सर्व निषिद्ध. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या आधी क्रीडागारात शिरला आणि शेवटच्या फेरीत पुनःपुन्हा कोसळला. पंचांना राहवेना, त्यांनी त्याला उठवून रेषेपार नेले. त्या दयेनेच त्याचे पदक गेले, कारण परक्या हाताचा आधार घेतल्याबद्दल तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा हिने त्याला एक चषक देऊन त्याची समजूत घातली. याउलट १९८२ साली हवाईच्या शर्यतीत आघाडीवर असलेली ज्युली मॉस अखेरच्या टप्प्यात कोसळली. २९ सेकंदांच्या फरकाने तिचा पहिला क्रमांक हुकला. पण शेवटचे अंतर ती कोणाचा हात न धरता रांगत गेली. भोवतालच्या गर्दीला तिच्यासाठी एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती म्हणजे आवाज देणे. तेवढीच मदत नियमात बसते. हात लावला तर त्याचे श्रम बाटतात; आवाज दिला तर श्रम त्याचेच राहतात.

पण नुसत्या आवाजाने पाय चालतात तरी कसे? या प्रश्नामागे शास्त्रज्ञही लागलेले आहेत. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकल शर्यतींचे आकडे तपासून दाखविले की एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा इतरांच्या संगतीत चालविणाऱ्याचा वेग अधिक असतो. अलीकडे सामुएले मार्कोरा व त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले आहे की माणूस थांबतो तो पुष्कळदा स्नायूंतील शक्ती संपल्यामुळे थांबत नाही. श्रम आता सोसवत नाहीत, असा मनाचा कौल पडल्यामुळे थांबतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात सायकल चालविणाऱ्यांपुढे, डोळ्यांना जाणवणारही नाहीत इतक्या अल्प काळ, माणसांचे चेहरे झळकविण्यात आले. हसऱ्या चेहऱ्यांच्या वेळी ती माणसे दुःखी चेहऱ्यांच्या वेळेपेक्षा अधिक काळ टिकली. न जाणवलेल्या हसण्याचा एवढा प्रभाव, तर कडेला उभे राहून मोकळ्या गळ्याने हाक देणाऱ्या माणसाचा किती असेल!

आपल्या लोकांना हे शास्त्र प्रयोगशाळेवाचून अवगत होते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी वाटेवरची गावे उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहतात. कोणी पाणी देते, कोणी भाकरी, आणि ज्याच्यापाशी काहीच नाही तो हात जोडून “माउली” म्हणतो. तो एक शब्दही पुढच्या मुक्कामापर्यंत पुरतो. आमच्या जुन्या हैदराबादेत मोहरमच्या दिवसांत रस्त्यावर सबील लावतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जात न विचारता पाणी पाजतात. परक्या वाटसरूचे श्रम आपलेसे मानण्याची ही रीत या पठारावर दोन्ही अंगांनी वाहत आलेली आहे. मॅरेथॉनचा रस्ता नवा. त्याच्या कडेला उभे राहण्याचा संस्कार जुनाच.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तेथे होतो. घसे बसले होते. परतताना दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. जे शेवटी येत होते त्यांच्यापैकी एकाचीही आम्हांला कीव आली नव्हती, की हसू आले नव्हते. आदर तेवढा वाटला होता, आणि तो पहिल्या आलेल्यांपेक्षा काकणभर अधिकच. मग आपण शेवटी आलो तर लोक हसतील, ही भीती आम्ही कोणाच्या डोळ्यांतून पाहत होतो? जे प्रत्यक्ष रस्त्यावर उभे असतात ते हसत नाहीत. हसणारे बहुधा घरीच बसलेले असतात. नावे काढून घेण्याचा विचार आम्ही सोडून दिला. समुद्राची भीती गेलेली नाही, आणि ती टाळ्यांनी जाणारही नाही. तिच्यासाठी किनाऱ्यावर जाऊन, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहण्याचा सरावच केला पाहिजे. तो आता सुरू आहे. शर्यत पुरी होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. वडीलधाऱ्यांचा “या वयात कशाला?” हा प्रश्न अद्याप घरात आहेच, पण परवा त्याच्या पाठोपाठ “शर्यत किती वाजता सुटते?” असाही एक प्रश्न आला, हे नमूद करण्यास आनंद वाटतो.

आता वाचकांस एक विनंती. आपण हैदराबादेत असा, इंदुरात असा, बडोद्यात वा बेळगावात असा. आपल्या गावात केव्हा ना केव्हा अशी शर्यत होतच असेल. धावणे सर्वांनाच जमेल असे नाही, परंतु उभे राहणे बहुतेकांस जमते. मुलांना बरोबर न्यावे. धावणाऱ्यांच्या वाटेत येऊ नये, अंगाला हात लावू नये, न मागता काही देऊ नये. छातीवरच्या पट्टीवर नाव वाचता आले तर नावाने हाक मारावी. आपले नाव अनोळखी तोंडून ऐकून माणसाला केवढा हुरूप येतो, हे एकदा पाहण्यासारखे आहे. अंतर सांगायचे तर खरे सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लवकर घरी परतू नये. न्याहारी तासभर उशिरा झाल्याने काही बिघडत नाही. शेवटचा माणूस अजून रस्त्यावर असतो, आणि आपल्या आवाजाची खरी गरज त्यालाच असते.