जनरेटर शांत झाले, मिरवणुका का नाहीत?

यंदाच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतींपुढून कानांत बोटं घालून जाणारी म्हातारी माणसं पाहिली. संताप आला, आणि प्रा. एम. एल. मुंजाल यांचं काम आठवलं. आवाज आटोक्यात आणता येतो, हे या देशात एकदा सिद्ध झालेलं आहे.

मुंजाल बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सायलेन्सरच्या ध्वनिशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९८७ साली आलं. नळी एकदम रुंद झाली की ध्वनिलहरीचा काही भाग तिथूनच उलटा फिरतो; सायलेन्सर मुख्यतः यावर चालतो. त्याच्या प्रत्येक भागाची मॅट्रिक्स मांडून त्या गुणल्या, की कुठला स्वर किती अडेल हे पत्रा कापण्याआधीच काढता येतं. धुराची वाट मात्र फार अडवून चालत नाही, इंजिन गुदमरतं आणि डिझेल जास्त पितं. खरी कसोटी तिथेच.

माझ्या मनातून जात नाही ते २००० नंतरचं दशक. भारनियमनाचं. सांगलीत वीज गेली की बाजारपेठेत दुकानादुकानापुढे जनरेटर सुरू व्हायचे. ५० हर्ट्झची वीज हवी तर यातली बहुतेक इंजिनं मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालणार. एका सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ७५० स्फोट. हा खालचा ठोका खिडकीची तावदानं थरथरवतो, त्याला आवाज शोषणारी नुसती काचलोकर पुरत नाही. त्या धडधडाटात पोरांनी दहावी-बारावीचा अभ्यास केला. तक्रार केली की दुकानदार म्हणायचे, ‘मशीन म्हटल्यावर आवाज होणारच.’ हे साफ खोटं होतं. उपाय तेव्हाही होता, कुणाला त्याचे पैसे मोजायचे नव्हते.

मुंजाल ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या कामातून २००२ साली केंद्राची अधिसूचना निघाली. शेवटी १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, असं त्यात ठरलं. आवरण कारखान्यातच बसवायचं, आणि पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय हिच्यासारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर काही सोडलं नाही. हळूहळू जुनी धूडं मोडीत गेली आणि बंद पेटीतले जनरेटर आले. त्यांच्या शेजारी उभं राहून बोलता येऊ लागलं.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हा नियम तर त्याच्याही आधीचा, २००० सालचा. पण तो पाळायला लावण्याचं काम रस्त्यावरच्या हवालदारावर टाकलं. समोर मंडळाचे कार्यकर्ते, त्यांच्या मागे नगरसेवक. तो बिचारा काय करणार? बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर बसवणाऱ्या पोराला दंड होतो, तो सायलेन्सर बनवणारा मोकळा राहतो.

जनरेटरचाच धडा इथे लावा: डीजेच्या भिंती भाड्याने देणाऱ्यांना परवाना लावा, आवाजाची मर्यादा यंत्रातच कुलूपबंद करा आणि ती तपासून प्रमाणपत्र द्या. पुढचा गणेशोत्सव येण्याआधी आपापल्या आमदाराकडे ही मागणी लेखी करा.