रायफलीच्या दस्त्याला घरच्या घरी रंग

जून लागला की आपल्या बेटावर हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. हे हरीण मूळचे जावाचे. डच गव्हर्नर आद्रियान व्हान डेर स्टेल यांनी १६३९ साली ते मॉरिशसला आणले. हंगामापूर्वी परवानाधारक मंडळी जुन्या रायफलीच्या दस्त्याला रंग देऊ लागतात. बाहेरून तो झकास दिसतो. पण आमच्या मते खरे काम आतल्या बाजूला आहे.

लाकूड दमट हवेत ओलावा पिऊन फुगते. फुगलेला दस्ता नळीला रेटतो आणि नेम सरकतो. मग हरीण ठार न होता जखमी होऊन रानात पळते, आणि त्याच्या मागावर माणसांना झुडपात शिरावे लागते. म्हणून नळीची खाच आणि पाठीमागचे रबर काढल्यावर दिसणारे लाकडाचे उघडे टोक, दोन्हींना सीलरचा पातळ हात द्यावा. पातळच! खाचेत रंगाचा जाड थर बसला तर तोच नळीला टेकेल. पोलादी भाग जिथे लाकडावर घट्ट बसतो तिथे चिकटपट्टी लावावी, रंगाचा थेंबही नको.

सुरुवात अर्थातच रायफल रिकामी करण्यापासून. बोल्ट काढून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. सुटे केलेले धातूचे भाग पोरांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवावेत. खोलगट खुणांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकूड वर येते. तुटलेले तंतू मात्र भरून येत नाहीत. नंतर १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासावे. हाताच्या पकडीसाठी कोरलेल्या नक्षीला हात लावू नये. प्राइमर, मग रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन.

अक्रोडाच्या लाकडावर रंग फासणे आम्हांस पाप वाटते. त्याला जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. उघडे पसरून वाळवावेत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावेत.

जुळणी झाल्यावर नळी व दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. मात्र काही रायफलींत कारखान्यातूनच दस्त्याचे टोक नळीला टेकवलेले असते, ते तसेच राहू द्यावे. मग निशाणाच्या मैदानावर नेम पुन्हा जुळवून घ्यावा आणि तेव्हाच रानात जावे.