पसारा आवरत गेलेला दिग्दर्शक

१९९६ साली दक्षिण कोरियात बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला, दिग्दर्शक किम की-डुकचा पहिला चित्रपट आला आणि पस्तिशीतल्या होंग सांग-सूचा ‘द डे अ पिग फेल इंटू द वेल’ही आला. होंग मूळचा सोलचा. शिक्षण तिथे आणि पुढे अमेरिकेत, कॅलिफोर्निया व शिकागोच्या कलाशाळांत. या पहिल्याच चित्रपटाला रॉटरडॅम महोत्सवाचा टायगर पुरस्कार मिळाला. त्यानंतर कोरियन सिनेमाची बजेटं फुगत गेली. होंग मात्र दर चित्रपटागणिक काहीतरी सोडत गेला.

आधी पटकथा सुटली. सुरुवातीला ती रीतसर लिहिलेली असे. पुढे नट आणि जागा तेवढ्या ठरवायच्या, पहाटे उठून त्या दिवसाचे प्रसंग लिहायचे, नटांनी ते तिथल्या तिथे पाठ करायचे आणि लांबलचक शॉटमध्ये चित्रण करायचं, ही त्याची रीत झाली. याला कुणी आयत्या वेळची जुळवाजुळव म्हणेल, पण पडद्यावरचे संवाद ऐकले की तसं वाटत नाही. सोजू या कोरियन दारूच्या बाटल्यांभोवती बसलेली माणसं एकाच वाक्यात खोटं बोलतात आणि उघडीही पडतात. २००५च्या ‘टेल ऑफ सिनेमा’पासून कॅमेऱ्याचा तो अचानक, काहीसा ओबडधोबड झूम आला. पुढे छायाचित्रण, संकलन, संगीतही त्याने स्वतःकडे घेतलं.

‘तेच तेच करतो’ हा आक्षेप त्याच्यावर वर्षानुवर्षं आहे. त्याला माझ्या मते सर्वांत चोख उत्तर म्हणजे २०१५चा ‘राइट नाऊ, राँग देन’. एक दिग्दर्शक व्याख्यानासाठी सुवॉनला एक दिवस आधी पोहोचतो, जुन्या राजवाड्यात त्याला एक तरुण चित्रकार भेटते. तिची चित्रं पाहणं, सुशी, दारू, तिच्या मैत्रिणींकडची बैठक. चित्रपट अर्ध्यावर येतो आणि तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्या खेपेला तो तिच्या चित्राची गोड स्तुती करतो आणि आपलं लग्न झालंय हे दडवतो. दुसऱ्या खेपेला चित्राबद्दल खरं मत देऊन तिला दुखावतो, पण लग्नाचं स्वतःहून सांगतो. जागा त्याच, माणसं तीच. फरक फक्त प्रामाणिकपणाचा, आणि तेवढ्याने सगळी संध्याकाळ पालटते. लोकार्नो महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण बिबट्या हा पुरस्कार मिळाला, तो अगदी रास्त.

त्यातली नायिका किम मिन-ही. विवाहित होंगचं आणि तिचं नातं उघड झाल्यावर कोरियात गदारोळ उठला. विवाहित दिग्दर्शकाशी असलेल्या नात्यातून बाहेर पडलेल्या अभिनेत्रीची गोष्ट सांगणाऱ्या ‘ऑन द बीच ॲट नाइट अलोन’साठी २०१७ साली किमला बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं. त्या चित्रपटात होंगने स्वतःची वकिली केलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग बर्लिनने त्याला ओळीने तीन वर्षं गौरवलं : २०२०ला दिग्दर्शनासाठी, २०२१ला पटकथेसाठी, २०२२ला ‘द नॉव्हेलिस्ट्स फिल्म’साठी परीक्षक मंडळाचा मोठा पुरस्कार. इझाबेल ह्यूपेरसोबतच्या ‘अ ट्रॅव्हलर्स नीड्स’ला २०२४ साली तोच पुन्हा. रोज पहाटे संवाद लिहिणाऱ्या माणसाला पटकथेचं पारितोषिक मिळावं, याचा मला विशेष आनंद झाला.

सगळेच चित्रपट सारख्या ताकदीचे नाहीत. मुद्दाम धूसर ठेवलेला ‘इन वॉटर’ (२०२३) मला प्रयोगापलीकडे नेत नाही. पण तीसहून अधिक चित्रपट काढलेल्या या माणसाने मोठ्या पैशाची वाट पाहत एकही कथा अडवून ठेवलेली दिसत नाही. आपल्याकडे निर्माता मिळेना म्हणून पटकथा कपाटात ठेवून बसलेल्या तरुण दिग्दर्शकांनी त्याची ही रीत बारकाईने पाहावी.

ज्यांनी होंग अजून पाहिलेला नाही, त्यांनी ‘राइट नाऊ, राँग देन’पासून सुरुवात करावी आणि दोन्ही भाग एकाच बैठकीत पाहावेत.